चौकातले पांढरे दात

प्रिय मेन्नो,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण एकोणीस वर्षांची सवय एका आठवड्यात कशी जाईल? तुझी चिठ्ठी मिळाली. उद्याच्या चौकशीत दोघांनी मिळून ठरवलं असं सांगू, म्हणजे कुणाचंच फार वाकडं होणार नाही म्हणे. वा रे वा! समोर येऊन बोलायची तरी हिंमत करायचीस.

मी पालिकेच्या रस्ते खात्यात नवी लागले, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी तू मला टेबलावरून उठवलंस. “नकाशा नंतर. आधी सायकल काढ.” भर वाऱ्यात कालव्याकाठी दामटवलंस आणि बागेतल्या हिरवळीवरची मळलेली तिरकी वाट दाखवलीस. “ही लोकांनी आखली. आपण फक्त फरशी घालायची.” मग दर शुक्रवारी चौकाच्या कोपऱ्यावर घडीच्या खुर्च्या टाकून आपण येणाऱ्या प्रत्येक सायकलची रेघ कागदावर ओढत बसायचो. शाळेची पोरं कुठे कोपरा मारतात, सायकलच्या पुढच्या पेटीत दोन मुलं बसवलेली आई कुठे कचरते, म्हातारी माणसं कुठे उतरून चालायला लागतात. तू म्हणायचास, “सायकलवाल्यानं जिथे घाबरून पाय टेकवला, तिथे आपलं चुकलं.” मी हे घरी सांगितलं तर बाबा खूश. “शहाणा दिसतोय. जेवायला आण त्याला.” त्यानंतर कितीतरी हिवाळे तू आमच्या स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं दाट सूप ओरपलंस.

बेकरीच्या चौकापायी आपली अकरा वर्षं गेली. सायकलींनी थेट जावं आणि सुपरमार्केटकडे वळणाऱ्या गाड्यांनी थांबावं, एवढंच तर मागत होतो. माझ्या नकाशात पांढऱ्या त्रिकोणांची ओळ गाड्यांकडे रोखलेली होती. शार्कचे दात ज्याच्याकडे, त्यानं थांबायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

गेल्या सोमवारी तिथे रंग लागला, तेव्हा मी बैठकीसाठी परगावी होते. संध्याकाळी बाबांचा फोन आला. “काय गं, झाला का तुझा चौक? उद्या पाव आणायला तिथूनच जातो.” त्यांची मान गेल्या वर्षभरापासून वळत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणाले, “खुशाल जा बाबा. मान वळवायचा खटाटोप नको, सरळ निघा. गाड्या थांबतील.” हे मी बोलले, मेन्नो. माझ्या तोंडानं.

आणि ते सरळ निघाले. रस्त्यावर खाली बघायचं त्यांना कारणच काय? पोरीनं सांगितलं होतं ना! त्यांना धडकलेल्या ट्रकवाल्याचा काही दोष नव्हता; तो बिचारा फुटपाथवर बसून रडत होता. खुब्याचं हाड मोडलं. ब्याऐंशीव्या वर्षी आता सायकल कसली? डॉक्टरांनी बाबांना तसं सांगितलं. मग नर्सला म्हणाले, “तो चौक माझ्या लेकीनं आखलाय बरं का.” ती गेल्यावर माझा हात धरून म्हणाले, “जाऊ दे गं. माणूस आहे, चुकतं.” मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण तोवर मलाही वाटत होतं की मीच कुठेतरी चुकले.

त्याच दुपारी कचेरीत जाऊन शेवटचा नकाशा काढला. दात उलटे, सायकलींकडे. तारीख मे महिन्यातली, मी सुट्टीवर असतानाची. बदल करणाऱ्याच्या चौकटीत तुझी आद्याक्षरं आणि आखणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव, जसंच्या तसं! दुसऱ्याच्या रेघेला हात लावायचा तर आधी त्याच्यापुढे कॉफी ठेवायची, ही रीत मला कुणी शिकवली रे? सुपरमार्केटवाले ट्रकांच्या रांगेवरून कुरकुरत होते, हे मला ठाऊक होतं. सप्टेंबरात खातेप्रमुखाची जागा रिकामी होणार आणि ती तुला हवी आहे, हेही. दोन्ही गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नाहीत, कारण मधे तू होतास.

मी सुट्टीवरून परतले त्या दिवशी तुझा वाढदिवस. तू सगळ्यांसाठी केक आणलास, सगळ्यात मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवलास आणि विचारलंस, “समुद्र कसा होता?” तेव्हाच सांगायचं होतंस ना! मी भांडले असते, आदळआपट केली असती, आठवडाभर तुझं तोंड पाहिलं नसतं. पण बाबांना फोनवर ते बोलले नसते. फसवलंस मला. आणि माझ्याच तोंडून माझ्या बापाला फसवलंस.

उद्या नऊ वाजता मी दोन्ही नकाशे चौकशीत मांडणार आहे. तू माझ्या पाठीमागे केलंस. मी तुला आधी कळवून करतेय, म्हणून हे पत्र. तुझी जागा जाईल की राहील, मला खरंच पर्वा नाही. त्याआधी आठ वाजता, नर्सला विनवून, बाबांकडे जाऊन सगळं सांगेन. त्यांनी मला जे माफ केलं, ते माझं नाही, मी ते परत करतेय. तुला ती माफी हवी असेल तर स्वतः जाऊन माग. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. भेटायची वेळ दुपारी दोनपासून. सूप पाजणारा माणूस आहे, कदाचित देईलही. मी मात्र तेवढी चांगली नाही.

आजच्या रात्रीपुरती तुझीच,
योरीन