श्वास रोखून दिलेलं माप

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कपडे घडवण्याचा, कोणाच्याही दडपणाखाली न येता ही शेवटची इच्छा लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या बहिणीकडे मागितला असता तर मिळाला नसता.

१. राहत्या दोन खोल्या धाकटीला. बाहेरचं दार अडकतं. ते जरा उचलून ढकलावं, लाथ मारू नये. मी मारून पाहिली आहे.

२. थ्रीडी प्रिंटर आणि प्लास्टिकच्या तारेची उरलेली रिळं फॅशन कॉलेजला. ‘याला शिलाई कुठाय?’ म्हणून मला वर्गाबाहेर काढणाऱ्या मास्तरांचा फोटो तिथे भिंतीवर आहे. यंत्र बरोबर त्याखाली ठेवावं. ते चोवीस तास घरघरतं.

३. प्रदर्शनातले नऊ पोशाख, म्हणजे शिंपल्याची बाही, पाठीवरचा जिना वगैरे, ज्याला हवे त्याने न्यावेत. एकातही बसता येत नाही.

४. मला शेवटी जुना सुती गाऊन घालावा. माझ्या कपड्यांत मला आडवं करता येणार नाही.

५. आता मुद्द्याचं. धाकटी शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा समारंभासाठी मी तिच्या अंगाचा स्कॅन घेऊन पोशाख छापला. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध जाळी, मागे खिट्ट्या. भाषणाच्या दुसऱ्याच वाक्याला तिचा श्वास कोंडला, खिट्ट्या अडकल्या, आणि शाळेच्या प्लंबरने अख्ख्या शाळेदेखत तिला करवतीने कापून बाहेर काढलं.

“ताई, तू माझं माप चुकवलंस,” ती म्हणाली.

“तूच पोट आत घेऊन उभी होतीस,” मी म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. हा किस्सा सांगून मी मात्र पुष्कळांना हसवलं.

खरं असं आहे, की स्कॅन पडद्यावर आला तेव्हाच मला दिसलं होतं. बरगड्या वर, पोट आत. पुन्हा घ्यायला चार मिनिटं लागली असती. पण कंबर फार सुरेख आली होती, म्हणून मी गप्प बसले. चूक माझी होती. हे तिच्या तोंडावर म्हणायचं धाडस मला झालं नाही, याची लाज वाटते.

६. कपाटाच्या वरच्या खणात धाकटीसाठी नवा पोशाख आहे. त्याच स्कॅनवरून काढला, पण छातीपोटाला चार बोटं जागा सोडून. खिट्ट्या पुढे आहेत, आपल्या हाताने उघडतात. खुर्चीवर बसता येतं. मी बसून, पोटभर जेवून पाहिलं आहे. दिसायला अगदीच सामान्य झालाय, त्याला इलाज नाही.

७. असले कागद माणूस गेल्यावर वाचतात. वकीलबाईंना सांगितलं आहे, की याची एक प्रत उद्या सकाळीच धाकटीला पोचवा. मी दिवसभर घरी आहे. दार कसं उघडायचं ते कलम एकमध्ये लिहिलंय.

ठिकाण: प्रिंटरशेजारचं टेबल
तारीख: ७ मार्च
सही: ताई

साक्षीदार:
१. डॉक्टर, खालच्या मजल्यावरचे
२. शाळेचे प्लंबर. करवत चालवतानाही हेच हजर होते.