राजघराण्यातील पाळणा

बुधवार, ३ सप्टेंबर

मराठा दालन बंद होणार! महिनाअखेर कुलूप. कारण काय, तर कुणी फिरकतच नाही म्हणे. मी रोज दुपारी तिथे जाऊन बसते, मग मी कोण?

रामस्वामीने सांगितलं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या या छोट्या संग्रहालयाच्या दारात तिकिटं फाडता फाडता तो म्हातारा झाला. दालनाच्या जागी सेल्फी पॉइंट करायचं समितीच्या मनात आहे. भिंतीवर पंख रंगवायचे आणि लोकांनी मध्ये उभं राहायचं. गावात मोठं देऊळ आहे, राजवाडा आहे, आणि यांना पंख हवेत.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे टीव्हीत. आठ चौकोनांत आठ माणसं भांडत होती. "थांब, महत्त्वाचं चाललंय." महत्त्वाचं काय, तर निवडणुकीत कोण कुणाशी युती करणार! यांनी स्वतः जन्मात युती केली असेल तर त्या रिमोटशी. या वहीत असं बिनधास्त लिहिता येतं. मी शाळेत हिंदी शिकवत होते म्हणून मला देवनागरी येते. घरात बाकी सगळ्यांचं लिहिणं-वाचणं तमिळ आणि इंग्रजीत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मला नक्की कशाचं वाईट वाटतंय? खरं लिहायचं तर दालनाचं नाही — पाळण्याचं.

तलवारी, पगड्या, मिशीवाल्यांच्या तसबिरी — गेल्या तर चार दिवसांत विसरेन. पण कोपऱ्यात तो पाळणा आहे. लाकडी, रंगीत, वर राघू टांगलेले. पाटी : 'राजघराण्यातील पाळणा'. आमच्या गल्लीत बारशाच्या दिवशी बाळाला आधी तिथे नेतात, गुपचूप एक झोका देतात आणि मग घरी येऊन नाव ठेवतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलं गल्लीतलं एकही मूल त्यातून सुटलेलं नाही. त्या वेळेस रामस्वामी चहाला जातो. त्याने काही पाहिलेलं नसतं.

हरिताला नववा लागलाय. माझी एकुलती लेक, बाळंतपणाला माहेरी आलीय. तीही त्यातच झुलली. आणि तिच्या बाळाच्या बारशाला तिथे भिंतीवर पंख? जमणार नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेकडे गेले. जयलक्ष्मी. दाराशी तिचा फ्लेक्स एवढा मोठा, की खालचा खड्डा दिसत नाही. त्यासाठीच लावला असावा. पण बाई वाईट नाही. कॉफी दिली, आणि चांगल्या घट्ट डिकॉक्शनची दिली. माझं मत थोडं हललं!

"अम्मा, दालन कशाला हवं तुम्हाला?" तिने विचारलं.

मी इतिहास म्हटलं. संस्कृती म्हटलं. पुढची पिढी म्हटलं. पाळण्याचं सांगणार कशी? 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी आहे तिथे, तीही तमिळमध्ये, म्हणजे समजली नाही म्हणायचीही सोय नाही.

"इतिहासाला माझा विरोध नाही. पण तिकिटं खपत नाहीत, मी समितीपुढे बोलू काय?"

सोमवार, ८ सप्टेंबर

हरिताचे पाय सुजलेत. म्हणाली, "आई, पाळण्याचा नाद सोड." सोडते म्हटलं. सोडलेला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

उलगडा झाला! आणि इतका लाजिरवाणा, की इथेच लिहिते, बाहेर बोलत नाही.

रामस्वामीला विचारलं, "आम्ही एवढ्या जणी रोज येतो, मग तिकिटं कशी खपत नाहीत?" तो हसायलाच लागला. "तुम्ही कधी काढलंय तिकीट?"

कधीच नाही! आम्ही राजवाड्याच्या आसपासची मराठी माणसं. मान डोलवायची, तो हात हलवतो, आम्ही आत. आपल्याच घरात कुणी तिकीट काढतं का? आमच्या आधी आमच्या सासवाही अशाच शिरत होत्या. बाहेरगावचे लोक मोठा राजवाडा बघून दमतात, इकडे वळत नाहीत. म्हणजे येणाऱ्या फक्त आम्ही, आणि कागदावर आम्ही नाहीच. दालन आम्हीच बुडवलं, आमच्या थाटापायी. कपाळ बडवावं की हसावं? मी हसले. कॉफी पिता पिता सासूबाईंना सांगितलं, त्याही हसल्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गल्लीतल्या सगळ्या बायका मिळून गेलो तिकिटं काढायला. रामस्वामी देईना.

"नको, नको. तुम्ही आत जा."

"पैसे घ्या हो."

"मी काय चुकलो? आजपर्यंत कधी अडवलं तुम्हाला?" डोळ्यांत पाणी यायचं बाकी.

शेजारची विनुता वकील आहे, तिने कलमंबिलमं सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. वेंकूबाईंपुढे गल्लीत कुणाचं चालत नाही. त्या म्हणाल्या, "रामस्वामी, तूं तिकीट देत नाहींस तर मी इथंच बसतें. मला सांजेला जेवायला इथंच आणून दे." त्याने तिकिटं फाडली. पण लेकीची पाठवणी करत असल्यासारखं तोंड करून!

रविवार, १४ सप्टेंबर

नुसत्या आमच्या तिकिटांनी भागणार नाही, म्हणून सतीशकुमारला बोलावलं. त्याचं यूट्यूब चॅनेल आहे. 'तंजावरची खरी बातमी'. परवा त्याने एका म्हशीने बस अडवल्याची खरी बातमी दाखवली, लाखभर लोकांनी पाहिली. काठीला फोन लावून आला.

मी दालनात उभी राहून बोलले. अगदी मुद्देसूद! परंपरा, भाषा, सार्वजनिक संग्रहालयांची दैना. बोलता बोलता पाहते तर पोरगा जांभई देतोय. मग त्याने काठी सासूबाईंकडे वळवली. "पाट्टी," आजीला तमिळमध्ये पाट्टीच म्हणतात, "तुम्हाला इथलं काय आवडतं?"

झालं. सासूबाईंनी सगळं सांगितलं. हरिता याच्यात, विनुताची दोन्ही मुलं याच्यात. झोका कसा द्यायचा तेही करून दाखवलं. मी मागून चिमटा काढला, तर कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "चिमटा कां काढतेस ग?" तेही आलंय व्हिडिओत. लोकांना सगळ्यात तेच आवडलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मुलगी! पहाटे. दोघी सुखरूप. नाक सासूबाईंचं, आवाजही त्यांचाच. हे टीव्ही बंद करून आले आणि दिवसभर इस्पितळातच बसले. युती कुणाशी झाली ते यांना अजून माहीत नाही. मी आज इतकी आनंदात आहे की अक्षर धड येत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

रांग लागलीय दालनाला! तिरुवैयारूहून बायका बसने आल्या, कडेवर पोरं घेऊन. पाळणा नुसता बघायला, आणि रीतसर तिकीट काढून. समितीने पंखांचा विचार सोडला. जयलक्ष्मीचा नवा फ्लेक्स लागला. पाळणा, त्यावर हात ठेवून ती, आणि खाली 'वारसा वाचवणारी ताई'. असू दे. फुकटची कॉफी प्यायलेय मी.

पण त्याच व्हिडिओने घात केला. चेन्नईहून वसुमती नावाच्या अधिकारी येणार आहेत. राजाच्या पाळण्यात पोरं घालतात म्हणजे काय! पाळण्याभोवती काच बसणार. दिवस ठरला — २७, नेमका बारशाचा. दालन वाचवलं आणि पाळणा घालवून बसले. दुपारी मोरीत जाऊन रडले थोडी.

बुधवार, २४ सप्टेंबर

रामस्वामी चहाला जात नाही आता. दिवसभर पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. नजर वर करत नाही. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत त्याचे, मी काय बोलू?

हे पहिल्यांदाच म्हणाले, "मी बोलून बघू का त्याच्याशी?" नको म्हटलं. पण बरं वाटलं फार.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सासूबाईंचं म्हणणं, उद्या बाळाला घेऊन जायचंच. अधिकारीण असो की कलेक्टर. "काच लावायच्या आधीं एक झोका, मग तिला काय करायचं तें करूं दे."

हरिता तयार. मला भीती वाटतेय, रामस्वामीच्या नोकरीची.

शनिवार, २७ सप्टेंबर

वसुमतीबाई आमच्याआधी पोचलेल्या. तरुण, चष्मेवाल्या. आमच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, खाली वाकल्या आणि पाळणा चक्क उलटा केला. आजवर कुणी केला नव्हता — राजाचा पाळणा उलटा कोण करणार? तळाला प्लायवूड! मूळचा पाळणा म्हणे चाळीस वर्षांपूर्वीच चेन्नईला गेला. त्याच्या जागी ठेवायला इथल्याच सुताराकडून हा करून घेतला, पाटी तेवढी तीच राहिली. याला काच कशाला, म्हणाल्या, आणि स्वतःच सरळ करून दिला.

बाळाला आत घातलं. झोका रामस्वामीने दिला, सगळ्यांदेखत. नाव अंबा.

म्हणजे राजाचं एकही बाळ त्यात कधी निजलेलं नाही. निजली ती सगळी आमचीच.