चौथी जागा

२० सप्टेंबर १९९९, सोमवार
नवी वही घेतली की आधी तिच्यावर नाव घालायचं, ही बावीस वर्षं शाळेत कारकुनी केल्याची सवय. म्हणून पहिल्या पानावर टाकानं लिहिलं : बिंदुमाधव त्रिविक्रम कुलकर्णी, मुक्काम बेंगळूर.

अथणीकडचं गाव सोडून इतक्या दूर येईन असं वाटलं नव्हतं. पण संध्याला आठवा महिना संपत आलाय. तिची आई असती तर बाळंतपण माहेरी झालं असतं. आई नाही, म्हणून माहेरच लेकीकडे आलं, असं मी जावयांना म्हणालो. प्रणीत हसले. ते पहाटे पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जातात, संध्याकाळी परततात. दिवसभर मी काय करणार? तर बसवनगुडीतल्या नरसिंहरावांनी मला कामच दिलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, बोलतात ती मराठी घरातली पण निम्मी कन्नड. खाली घर, वर चार कॉम्प्युटर. इथल्या जुन्या मराठी घराण्यांची वेबसाइट काढतायत. म्हणाले, बिंदुराव, तुम्ही जन्मभर पोरांची नावं लिहिलीत, आता त्यांच्या आजोबांची लिहा, स्वल्प बदल एवढाच.

खिडकीबाहेर नागचाफा आहे. जागा मनाला आवडली.

२२ सप्टेंबर, बुधवार
काम समजलं. वेबसाइटवर प्रत्येकानं स्वतःचं एक नाव इंग्रजी अक्षरांत नोंदवायचं. एकानं घेतलेलं नाव दुसऱ्याला मिळत नाही. गंमत अशी की ते टाइप करताकरताच कळतं. भव्या नावाची हुशार मुलगी आहे, तिनं केलंय ते. पानाच्या आड एक न दिसणारं पान ठेवलंय. मी एक अक्षर टाकलं की ते गुपचूप आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनला विचारून येतं. नाव मोकळं असेल तर चौकटीशेजारी हिरवी खूण, कुणी घेतलं असेल तर लाल. प्रत्येक अक्षराला पुन्हा विचारणं, पुन्हा उत्तर.

एका पानावर घरातल्या चौघांची नावं, थोरापासून धाकट्यापर्यंत. मी नावं टाकून बघायची आणि चुकलं तर सांगायचं. रोज सकाळी भव्या यादी कोरी करते. मी म्हणालो, आमच्या शाळेत असं करता आलं असतं तर निम्मी पोरं सुटली असती. तिला मराठी बेताचीच येते, पण हसली.

१ ऑक्टोबर, शुक्रवार
आज पितृपक्षातली वडिलांची तिथी. भाड्याचं घर आणि संध्याचे दिवस भरत आलेले, म्हणून श्राद्ध अमावास्येवर ढकललं. सकाळी नुसता नमस्कार केला. मनाला लागून राहिलं.

ऑफिसात भव्या म्हणाली, खोटी नावं पुरेत, खऱ्या घरातली टाका. मला तोंडपाठ असलेली तीन नावं तर्पणातलीच. पणजोबा तिम्माजीपंत, आजोबा गुंडोपंत, वडील त्रिविक्रम. बोटं अक्षरं शोधत होती आणि ओठ आपोआप गोत्रासकट म्हणत होते. दर वर्षी हातात पाणी आणि तीळ असतात, आज कळफलक होता. तिन्हींना हिरवी खूण आली. चौथी चौकट माझी. पण आपलंच नाव आपण काय लिहायचं, म्हणून संध्याचं टाकलं. तेही हिरवं. तेवढ्यात नरसिंहरावांनी जेवायला हाक मारली, तसाच उठलो.

४ ऑक्टोबर, सोमवार
दोन दिवसांच्या सुटीनंतर पान उघडलं तर चारही नावं आधीच भरलेली. वरची तिन्ही लाल.

भव्यानं आतली यादी काढून दाखवली. कोरी. कुणीच काही घेतलेलं नाही. बग आहे म्हणाली आणि कामाला लागली. मी संध्याचं नाव पुसून पुन्हा एकेक अक्षर टाकलं. पहिल्या अक्षराला लाल. दुसऱ्याला लाल. तिसऱ्यापासून हिरवं. भव्या म्हणाली, नुसत्या एका अक्षराचं नाव कोण घेईल, सर? तिला त्याचं हसू आलं.

कळफलक उलटा करून झटकला. आतून चार काळे तीळ पडले. ओले होते.

५ ऑक्टोबर, मंगळवार
आज तीन अक्षरं लाल.

इंग्रजीत संध्याच्या नावाला सात अक्षरं लागतात. रोज एक धरलं तर सातवं शनिवारी. शनिवारी सर्वपित्री अमावास्या.

योगायोग असेल. रामरक्षा म्हटली.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून संध्याला हाक मारली. तिनं मान वर केली नाही. भाजी निवडत राहिली. दुसऱ्यांदाही नाही. अगं, म्हटलं, तेव्हा दचकून म्हणाली, बाबा, मला बोलावताय होय?

६ ऑक्टोबर, बुधवार
चार.

दुपारी देवळामागं राहणाऱ्या, श्राद्धपक्ष चालवणाऱ्या भीमाचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. सांगू लागले, तर्पणाला बोलावलेल्यांना आसन द्यायचं, पाणी द्यायचं आणि शेवटी निरोप द्यायचा. मी बोलावलं आणि जेवायला उठून गेलो. म्हणाले, रावसाहेब, पाहुण्याला दारात उभं करून आपण ताटावर बसलात.

मग म्हणाले, पितरांच्या जागा तीनच असतात. खालच्या पिढीतला कुणी मरून चौथा येतो तेव्हाच सगळ्यात वरचा सुटतो. तुमचे पणजोबा वाट बघतायत, त्यात त्यांचा दोष नाही. पण चौथ्या जागेवर तुम्ही कुणाला बसवलंत?



आचार्यांनी तिथेच तर्पण करून घेतलं. निरोपाचा मंत्र तीनदा म्हणवला. मी मोठ्यानं म्हटला. परत येऊन पान उघडलं. तिन्ही लालच. त्यांना बोलावलं इथून. निरोप तिकडून कसा पोचेल?

७ ऑक्टोबर, गुरुवार
पाच.

भव्याला विनवलं, ही नावं काढून टाक. म्हणाली, यादीत नाहीतच तर काढू काय? आणि नाव काढायची सोय अजून केलेलीच नाही, सर, ती पुढच्या टप्प्यात. सध्या नुसती नोंदणी.

म्हणजे याला आत यायचं दार आहे, बाहेर जायचं नाही.

तिनं माझ्यासमोर मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. पान उघडलं. चार नावं. पाच अक्षरं. तीही आता हसत नाही. कुणी टाइप करत नसताना कळफलकावर हात ठेवला तर गार लागतो, नदीतून काढलेल्या भांड्यासारखा.

घरी संध्या आरशासमोर उभी होती. म्हणाली, बाबा, एक विचारू का, हसू नका. मला तुम्ही लहानपणी काय म्हणून हाक मारायचा?

मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. एखाद्या परक्या बाईचं नाव म्हणतात तसं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार
सहा.

दुपारपासून कळा. दवाखान्यात नेलं. दाखल करण्याचा कागद प्रणीतांच्या हातात. पेन टेकवून उभे राहिले. उभेच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बाबा, हिचं नाव—

कपाळावर घाम. बायकोचं नाव आठवेना त्या पोराला.

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं. नर्स कागद घेऊन गेली आणि परत आली. नावाची जागा कोरी आहे म्हणाली.

डॉक्टरीण म्हणते, मूल अडलंय. आईला हाक मारत राहा, तिला झोपू देऊ नका.

काय म्हणून हाक मारू—

९ ऑक्टोबर, शनिवार. अमावास्या
आंघोळ करून थेट ऑफिसात. दार नरसिंहरावांनी उघडलं. माझं तोंड बघून बाजूला झाले.

पान उघडंच. सातवं अक्षर अजून हिरवं, पण लुकलुकतंय.

चौथी जागा पहिल्यापासून माझीच होती. मीच संकोचलो. आपलं नाव आपण काय लिहायचं, म्हटलं, आणि लेकीला पुढं केलं.

देवा, चूक माझी. पोरीची नाही.

तिचं नाव मागून पुढं एकेक अक्षर पुसलं. माझं टाकतोय. एका हातानं टाइप, एका हातानं हे लिहितो. पहिलं अक्षर लाल. दुसरं. रोज एक नव्हे, सगळी लगेच. अकराही. जणू वाट बघत होते—

नोंदणीचं बटण दाबलं.

सगळ्यात वरचं नाव हिरवं झालं. पणजोबा गेले. नमस्कार.

खालून नरसिंहराव ओरडतायत, दवाखान्याचा फोन. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. संध्यानं स्वतः नर्सला नाव सांगितलं म्हणे, पूर्ण. संध्या प्रणीत—

संध्या. किती गोड नाव आहे.

ते पुन्हा हाक मारतायत. मघापासून कुणाला तरी बोलावतायत, कुणीच ओ देत नाही. जिन्यावर पावलं आलीत. मला सोडून इथं कुणी नाही—

खोलीत तिळाचा वास. माझ्या शेजारी दोन जण बसलेत. एकाचे हात ओळखीचे वाटतात. ओंजळ पुढं धरलीय.

वही बंद करायच्या आधी पहिलं पान उघडलं. टाकानं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. वळण माझं आहे. पण हे नाव कुणाचं ते