बुटकं स्टूल

प्रिय ठमे,

फोनवर दर वेळी ‘आई, कशी आहेस’ असं त्या मऊमऊ आवाजात विचारतेस ना, तो आवाज मला सोसत नाही, म्हणून लिहायला बसले. बरी आहे. कॅन्सर गेला. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावली, तेवढं मागे राहिलं. उजवा खांदा खाली उतरलाय आणि पर्स त्यावरून सारखी घसरते. जीभ मात्र जागच्या जागी आहे, हवं तर बाबांना विचार. कानाची पाळी अजून बधिर आहे. परवा कानातलं पडलं ते मला कळलंच नाही, झाडताना बाबांना सापडलं.

व्यायाम शिकवणारी मुलगी गोड आहे, पण कडक. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं. हात खांद्याच्या वर न्यायचा म्हटलं की घाम फुटतो, कधी रडूही येतं. रडून घेते आणि पुन्हा चढते. नस सावकाश सुधारेल, पूर्ण सुधारेलच असं नाही, हे तिनं तोंडावर सांगितलं. मला तेच आवडलं. तुझं मात्र एकच पालुपद, पार्लर बंद कर आणि आराम कर. अगं, आरामानं खांदा आखडतो आणि माणूसही.

आजारानंतर पहिली कात्री चालवली ती बाबांच्या डोक्यावर. घरचंच गिऱ्हाईक, पळून जाणार कुठे? सवयीनं मी खुर्ची वर घेतली आणि हात अर्ध्यातच लटकला. एका बाजूचे केस राहिले ते राहिलेच. तसेच ते ऑफिसला गेले आणि विचारणाऱ्यांना नवी फॅशन म्हणून सांगत सुटले. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार प्रेम वाटलं. त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील.

मग म्हटलं, हात वर जात नाही तर डोकी खाली आणू. लहानपणी ज्यावर उभी राहून तू दात घासायचीस, ते बुटकं स्टूल पार्लरमध्ये नेलं आणि आरसा खाली उतरवून घेतला. गिऱ्हाईक स्टुलावर, मी मागे उंच खुर्चीत. समोरच्या शिक्षिकाबाई कुरकुरल्या, गुडघे दुखतात म्हणाल्या. मी म्हटलं, माझा खांदा दुखतो, फिट्टंफाट. आता त्या मैत्रिणींनाही घेऊन येतात.

बाबांच्या पोटात काही राहत नाही. मला त्रास नको म्हणून तुझ्या लग्नात तुझे केस बांधायला तू दुसरी बाई ठरवलीस म्हणे. ठमे, डॉक्टरांनी गळा कापला तो माझ्या भल्यासाठी. तू तर केसानं कापलास. तुझ्या पहिल्या वेणीपासून त्या केसांवर माझाच हात फिरलाय. त्या बाईला आजच नाही म्हणून कळव. लग्नाच्या सकाळी लवकर पार्लरमध्ये ये आणि मुकाट्यानं स्टुलावर बस. अंबाडा उजवीकडे जरा उतरेल. कुणी विचारलंच तर सांग, आईचा खांदाही तसाच आहे.

तुझीच,
हट्टी आई