मूळ प्रत सादर करावी

३ फेब्रुवारी
आज प्रेसमध्ये निरोप समारंभ. एकोणीस वर्षं प्रूफं तपासली, माझ्या नजरेखालून चूक गेली असं कुणी म्हणू शकत नाही. (मालकांनी भाषणात दोन उदाहरणं दिली, पण ती गमतीत.) ट्रॉली बॅग मिळाली. उत्तरादाखल सतरा मिनिटं बोललो. सहा आठवड्यांत परदेशात बायकोजवळ पोचतो, असं जाहीर केलं. परमिटला वेबसाइटवर सहा ते आठ लिहिलंय. आठ गबाळ्या लोकांसाठी. माझ्या फाइलला अनुक्रमणिका आहे.

घरचं लिहायचं टेबल ज्युनिअरला भेट दिलं. आता तीच प्रूफ विभाग सांभाळणार, घरी काम न्यायला बिचारीला टेबल नाही. तिन्ही खण स्वतः रिकामे केले. बायकोचा तिकडचा पत्ताही दिला तिला. म्हटलं, शुद्धलेखनाची शंका आली तर बेलाशक लिही.

४ फेब्रुवारी
संकल्प. १) साडेपाचला उठणे. २) तिकडच्या भाषेचे रोज वीस शब्द. ३) फोनवर बायकोशी वाद न घालणे.

तिसऱ्याची सुरुवात आजच. बायको तिकडच्या हॉस्पिटलात नर्स, जाऊन अकरा महिने झाले. जाताना बजावून गेली होती, परमिट हातात पडल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. म्हणून सोडल्याचं सांगितलं नाही. वाद टळला.

१९ फेब्रुवारी
कपाट, पलंग, फ्रिज विकून टाकले. जुना फोन नंबरही बंद. तिकडे गेल्यावर त्याचा उपयोग काय? नवा तात्पुरता घेतला, तो फक्त बायकोला आणि ताईला माहीत. घरमालकांना नोटीस दिली, मार्चअखेर खोली सोडतो. ते म्हणाले, परमिट आलं का? म्हटलं, आल्यात जमा आहे.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. शब्द पाठ करायला उत्तम. आजवर झालेले: नमस्कार, पाणी, उशीर.

१७ मार्च
सहा आठवडे पूर्ण. वेबसाइटवर ‘विचाराधीन’. सकाळपासून चौदा वेळा पाहिलं. विचार करतायत ही चांगलीच गोष्ट.

बायकोचा फोन. कागद सगळे आहेत ना जागेवर, असं विचारलं. म्हटलं, फर्स्ट क्लास. मग पुन्हा विचारलं, मूळ प्रती पण? म्हटलं, अगं, अनुक्रमणिका केलीय. बरं म्हणून फोन ठेवला तिने. ड्यूटीनंतर दमत असणार.

३१ मार्च
आठ आठवडेही उलटले. खोली सोडली. ताईकडे आलो. फक्त आठ दिवस, असं सांगितलंय. ताई म्हणाली, अरे, राहा की, पण बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपावं लागेल. भावोजींनी टीव्हीकडे पाहिलं. त्यांचा टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे.

७ एप्रिल
ताईचं घर प्रेसपासून दोन गल्ल्यांवर, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. औषधाच्या दुकानात प्रेसचा बाइंडर भेटला. म्हणाला, अरे, तुम्ही गेला होतात ना? माझ्या तोंडून निघून गेलं की चार दिवसांच्या सुट्टीवर आलोय. त्याने विचारलं, थंडी कशी आहे तिकडे? म्हटलं, बोचरी. तिथेच उभ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ऐकलं, आणि तो मला रोज ब्रेड देतो.

आजपासून मागच्या दाराने जायचं.

१२ एप्रिल
पत्र आलं! जुन्या पत्त्यावर. पत्ता बदलल्याचं कळवायचं मनात पक्कं होतं. नव्या भाडेकरूंनी पाच दिवस पत्र शू-रॅकवर ठेवलं होतं. अशा लोकांमुळे कामं अडतात.

मजकूर: अर्जात लिहिलेली लग्नाची तारीख आणि दाखल्याच्या झेरॉक्सवरची तारीख जुळत नाही. विवाह नोंदणी दाखल्याची मूळ प्रत ४ मेपर्यंत सादर करावी. मुदतवाढ नाही.

अर्जाची कॉपी काढून पाहिली. ८ डिसेंबरऐवजी १८ डिसेंबर पडलंय. मी लिहिलेलं नाही, पडलंय. की-बोर्डवर बोट दोनदा लागतं. बायकोला कळवण्यासारखी ही बाब नाही. दाखला दाखवला की मिटलं.

१३ एप्रिल
फाइल उघडली. एकूण एक्केचाळीस कागद, रंगीत चिठ्ठ्या लावलेले. क्रमांक सतरा, विवाह दाखला: प्लॅस्टिकचं पाकीट आहे. आत काही नाही.

म्हणजे परवाना ऑफिसातच राहिला. दुसरी शक्यताच नाही.

१५ एप्रिल
परवाना ऑफिस. टोकन ८८, पाळी दुपारी अडीचला. खिडकी क्रमांक सहाच्या बाईंना शांतपणे सांगितलं की माझा दाखला तुम्ही हरवलात. त्या म्हणाल्या, आम्ही मूळ कागद ठेवून घेत नाही, पाहून परत देतो. रजिस्टर काढून दाखवलं. ‘मूळ प्रती परत मिळाल्या’, खाली सही.

सही माझ्यासारखीच आहे.

मागचा माणूस म्हणाला, साहेब, झालं का? टोकन खिशात घालून बाजूला झालो.

१६ एप्रिल
तक्रार अर्ज लिहिला. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. ताईला वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता ऐकला आणि म्हणाली, तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे? पुन्हा म्हणाली, बायकोला सांगून टाक बरं तू. म्हटलं, एवढ्या-तेवढ्यासाठी तिला कशाला त्रास?

संध्याकाळी तिचाच फोन. कागदांचं कसं चाललंय? फर्स्ट क्लास. मग तिनं सांगितलं, जेवायच्या टेबलाला दुसरी खुर्ची घेतली. लाकडी आहे, जरा डुगडुगते. मी म्हटलं, आल्यावर बघतो. ती म्हणाली, तू येशील ना? हा काय प्रश्न झाला?

२० एप्रिल
दुय्यम प्रत काढायला नोंदणी ऑफिस. तिथला क्लार्क म्हणतो, त्या वर्षाची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायला बाहेर गेलीत, दोन महिने लागतील. विचारलं, म्हणजे हरवलीत? म्हणाला, हरवली नाहीत, इथे नाहीत. भाषेच्या दृष्टीने वाक्य बरोबर होतं.

त्याला म्हटलं, चौदा दिवस उरलेत हो माझ्याकडे. तो म्हणाला, इथे सगळ्यांकडे चौदाच दिवस असतात.

२४ एप्रिल
सकाळी दाढी करताना आठवलं. टेबल!

अर्ज भरायच्या दिवशी परवाना ऑफिसातून आल्यावर मूळ प्रती तिसऱ्या खणात ठेवल्या होत्या. त्या खणाची मागची फळी सैल आहे, कागद मागे सरकतात. सुताराने हलगर्जीपणा केला, त्याची फळं मी भोगतोय.

म्हणजे दाखला ज्युनिअरच्या घरी. प्रश्न इतकाच की तिच्या हिशेबी मी परदेशात आहे.

२५ एप्रिल
ताईला म्हटलं, तू जाऊन ये तिच्याकडे. ताई म्हणाली, मी नाही जाणार, कागद तुझा, बायको तुझी. भावोजींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि प्रथमच बोलले: जाऊन या हो, खाणार आहे का ती तुम्हाला?

उद्या नक्की.

२६ एप्रिल
पोट बिघडलं.

२७ एप्रिल
तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. दुकानातून माचिस घेतली आणि परत आलो. मी सिगारेट ओढत नाही.

२९ एप्रिल
गेलो.

दार तिनंच उघडलं. सर! कधी आलात? म्हटलं, कालच. तिच्या आईने चहा टाकला. टेबल खिडकीशी ठेवलंय, वर काच घातलीय, खाली अंकलिपीची प्रूफं. माझ्यापेक्षा नीट ठेवलंय, हे मान्य करायला हवं. मी सहज म्हणून तिसरा खण ओढला. फळी नवीन बसवलेली.

ती म्हणाली, सर, तो लग्नाचा दाखला पोचला ना? फळीमागे सापडला. तुमचा फोन लागेना. मग म्हटलं, तुम्ही सहा आठवड्यांत पोचणारच आहात, तर २ मार्चला मॅडमच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून दिला. पोचपावती जपून ठेवली होती, ती आणून दाखवली. १४ मार्च. बायकोची सही. ती मात्र नक्की तिचीच.

सोबत चार ओळी लिहिल्या होत्या म्हणे. निरोप समारंभात सर फार छान बोलले, सतरा मिनिटं तुमचीच आठवण काढत होते, वगैरे.

म्हटलं, हो हो, पोचला. टेबल बघायला आलो होतो. तिची आई म्हणाली, अजून चहा घ्या. घेतला.

३० एप्रिल
चौदा मार्चपासून दाखला तिच्याकडे आहे. नोकरी सोडल्याचंही तेव्हापासून माहीत. आणि दर फोनवर विचारते, कागद आहेत ना जागेवर! याला काय म्हणायचं? परीक्षा घेत होती का माझी? नवरा-बायकोत असं चालत नाही.

आज फोन करणार नाही. तिला कळू दे. ताई म्हणाली, काय कळू दे? फाइलच्या चिठ्ठ्या पुन्हा लावत बसलो.

१ मे
संध्याकाळी फोन केला. रागावून बोलायचं ठरवलं होतं, मुद्दे कागदावर काढले होते. तिने हॅलो म्हटलं आणि कागद कुठे ठेवला ते सापडेना.

सगळं सांगितलं. पत्र, तारीख, मुदत, खोली, सोफा, मागचं दार. मग म्हणाली, मी अकरा वेळा विचारलं तुला. एकदा तरी म्हणशील, सापडत नाहीये गं. त्या दिवशीच पाठवला असता. मी म्हटलं, तू पण सांगायचंस की. म्हणाली, हो, मीही सांगायला हवं होतं. पण मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग विचारलं, अठरा डिसेंबर कुठून आणलास रे? मी बोट आणि की-बोर्डचं सांगायला लागलो. ती म्हणाली, राहू दे.

उद्या सकाळी कुरिअर करते म्हणाली. चार दिवस लागतात.

परवा केला असता फोन तर... हा विचार करण्यात अर्थ नाही. केला.

४ मे
खिडकी सहा. बाईंना सांगितलं, दाखला वाटेत आहे, ही कुरिअरची पावती, फोनवर आलेली. त्यांनी चष्मा काढून वाचली. म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर दोन दिवस थांबले असते. मनापासून म्हणाल्यासारखं वाटलं. विचारलं, बायकोने स्कॅन पाठवला तर? त्यांनी पत्रातल्या ‘मूळ’ शब्दावर पेन ठेवलं. नीट छापलेला शब्द होता.

पाचला खिडक्या बंद झाल्या. वॉचमन म्हणाला, चला आता.

६ मे
कुरिअर आलं. पाकिटात फक्त दाखला. चिठ्ठी नाही. तीनदा पाहिलं. ८ डिसेंबर, दोघांच्या सह्या, माझी सही लांबलचक, तिची छोटी. त्या दिवशी तिने मला म्हटलं होतं, केवढी ही सही, रजिस्टर संपेल.

वेबसाइटवर ‘प्रकरण बंद’.

२२ मे
नवा अर्ज सहा महिन्यांनी करता येतो. ऑफिसबाहेरच्या एजंटने सांगितलं, तुमची केस सोपी आहे हो. मीही असंच समजत होतो, हे त्याला सांगितलं नाही.

पुस्तकं विकणाऱ्या एका ऑफिसात कॅटलॉग तपासायचं काम मिळेलसं दिसतं. मुलाखतीत विचारलं, मधले चार महिने काय करत होता? म्हटलं, प्रवासाची तयारी. लिहून घेतलं त्यांनी.

साडेपाचला उठणं सोडून दिलं. सोफ्यावरून इतक्या लवकर उठलं की ताईची झोप मोडते.

११ जून
कॅटलॉगवाल्यांनी नाही कळवलं.

संध्याकाळी बायकोचा फोन. तिचा करार संपत होता, पुढच्या दोन वर्षांसाठी तिने सही केली. मला विचारलं नाही, सांगितलं. ऑक्टोबरमध्ये बारा दिवसांची रजा मिळेल, तेव्हा येते म्हणाली. म्हटलं, ये ना.

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. राहायचं कुठे? म्हटलं, ताईकडे, बाहेरच्या खोलीत. पलंग? विकला. कपाट? ते पण. नोकरी? अजून नाही. काही आहे का रे शिल्लक? मी खोलीभर पाहिलं आणि म्हटलं, ट्रॉली बॅग आहे, चांगली आहे.

पलीकडून आवाज आला. हसली असेल असं वाटलं. मग पुन्हा आला, तेव्हा हसणं नव्हतं ते. मी हॅलो, हॅलो करत राहिलो. ती म्हणाली, आहे मी, बोल.

लाइन खराब होती असं इथे लिहिणार होतो. लाइन चांगली होती.