अकरा सरळ दगड आणि एक तिरकी पाटी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (टेबलाशी बसून जेवढा होतो तेवढा, उरलेला प्रत्यक्ष भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली की बरा आहे, पण त्याआधी मागून तुम्ही “सांग तिला, बरा आहे” म्हणालात ते मला ऐकू आलं होतं. “विचार, जेवली का” हेही ऐकू आलं. मी जेवले, असं मी मामीला सांगितलं, तिने तुम्हांला सांगितलं, तुम्ही “बरं” म्हणालात आणि ते “बरं” तिने मला पोचतं केलं. सात महिने आपण दोघं असंच बोलतो आहोत. म्हणून हे पत्र. यात मामी मध्ये नाही. (तुम्हांला चष्मा सापडला नाही तर तीच वाचून दाखवील, पण तो भाग वेगळा.)

मामी शेजारणींना सांगते की आपलं नोकरीवरून बिनसलं. तसं नाही, ते दगडांवरून बिनसलं, आणि ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं. मला पदवी मिळाली (घरातली पहिली, म्हणून चौकट करून घड्याळाच्या जागी लावली, आणि तेव्हापासून आपल्या घरात किती वाजले ते कोणाला कळत नाही) आणि लगोलग टेकडीवरच्या त्या अकरा उभ्या दगडांच्या कचेरीत नोकरीही मिळाली. सगळे नातेवाईक चहाला जमले होते. तुम्ही म्हणालात, ते दगड माणसाने उभे केलेले नाहीत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, माझे हात सांगतात, हे वरून कोणीतरी येऊन ठेवून गेलंय. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, “मामा, हात म्हणजे पुरावा नव्हे. चार पुस्तकं वाचली असतीत तर असं बोलला नसता.” तुम्ही कप खाली ठेवलात आणि चपला घालून बाहेर गेलात. कपात अर्धा चहा तसाच होता. तो कप मीच विसळला, हे तुम्हांला कोणी सांगितलं नसेल.

तर, इथली हकिकत. माझं काम म्हणजे दगडांच्या नोंदी ठेवणं आणि येणाऱ्यांच्या शंकांचं निरसन करणं. येणाऱ्यांना शंका नसतातच, खात्री असते. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते रोज येतात, घरच्यासारखे. त्यांच्या मते हे दगड आकाशातल्या लोकांनी पत्रपेटीसारखे ठेवले आहेत आणि सात नंबरचा दगड रोज सकाळी अकरा ते बारा गुणगुणतो. मी म्हटलं, पुरावा? ते म्हणाले, कान लाव. मी कान लावला आणि मामा, दगड खरंच गुणगुणत होता! मी दोन पावलं मागे सरकले. पण खरं सांगू? भीतीच्या आधी मला आनंद झाला. वाटलं, आत्ता धावत जाऊन तुम्हांला सांगावं की मामा, तुम्ही जिंकलात, आता बोला माझ्याशी. मग पदवी आठवली. शोध घेतला तर मागच्या खोलीतला पाण्याचा पंप नेमका अकरा ते बारा चालतो. सिद्ध करण्यासाठी मी तो बंद केला. गुणगुण थांबली. त्याबरोबर सगळ्या नळांचं पाणीही थांबलं, आणि त्याच दिवशी तीनशे शाळकरी मुलं आली होती. पुढचं लिहीत नाही. साहेबांनी मला लेखी समज दिली आहे की लोकांच्या समजुती दूर करताना पाणी बंद करू नये. पोस्टमास्तर म्हणतात, आता दगड रुसलाय.

यावर उपाय म्हणून मी फाटकापाशी एक मोठी पाटी लावायचं ठरवलं. वर ठळक अक्षरात, ‘हे दगड माणसांनीच उभे केले आहेत’, आणि खाली सात पुरावे. साहेबांनी मंजुरी दिली, पण माणूस दिला नाही. म्हटलं, हरकत नाही, मी गवंड्याची भाची आहे. खड्डे मी खणले, खांब मी रोवले, सिमेंट मी कालवलं. फक्त सिमेंट वाळेपर्यंत खांबांना आधार द्यायचा असतो, एवढंच विसरले. (लहानपणी तो आधार धरून मीच उभी असायचे, त्यामुळे तो कोणीतरी द्यावा लागतो हे लक्षातच आलं नाही.) आठ दिवसांत पाटी एका बाजूला कलली. आता पोस्टमास्तर तिच्याजवळ उभे राहून येणाऱ्यांना शांतपणे सांगतात, “हे अकरा दगड हजारो वर्षं उभे आहेत. ही पाटी माणसाने उभी केली. ठरवा तुमचं तुम्हीच.” लोक ठरवतात. दगडांपेक्षा पाटीचेच फोटो जास्त निघतात.

मग मी मनावर घेतलं की आठवा पुरावा असा आणायचा की पोस्टमास्तर गप्प बसले पाहिजेत. दगडांचे माथे एका पातळीत आहेत का, ते कोणी मोजलेलं नव्हतं. कचेरीचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. मी बाजारातून पारदर्शक नळी आणली, तुमची आहे तशी, आणि तिच्यात पाणी भरलं; दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीला थांबतं, त्यावरून पातळी कळते, हे तुम्हीच शिकवलंत. एका शिडीवर मी, दुसऱ्या शिडीवर पहारेकरी. पाणी खुणेवर आलं का म्हणून मी ओरडले, “आलं?” तो म्हणाला, “कोण? साहेब?” आणि नळी सोडून त्याने सलाम ठोकला. सगळं पाणी खाली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तो म्हणाला, “बाई, तुम्ही रडताय का?” मी म्हटलं, नाही, पाणी उडालं.

मामा, मी सहा वर्षांची असल्यापासून आपण ती नळी धरत आलो. भिंतीच्या या टोकाला तुम्ही, त्या टोकाला मी. तुम्ही ओरडायचात, “आलं?” मी पाणी थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचे आणि ओरडायचे, “आलं!” आणि तुम्ही खूण करायचात. इकडे येऊन बघायचा नाहीत. एकदाही नाही. घरमालकाने विचारलं तर म्हणायचात, “हे माझं दुसरं टोक आहे, चुकत नाही.” एका पोरीच्या शब्दावर तुम्ही लोकांची घरं उभी केलीत. आणि त्या पोरीने मोठी झाल्यावर तुमच्याकडे पुरावा मागितला.

माप शेवटी मिळालं. अकरा माथ्यांमध्ये मिळून दोन बोटांचा फरक आहे. आकाशातून आलेल्यांनी ठेवले असते तर तेवढाही राहिला नसता. ती दोन बोटं माणसाची आहेत. त्यांच्याकडे नळी नसणार, चर खणून त्यात पाणी भरत असतील. पण कसंही केलं तरी दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागतंच. एकट्या माणसाच्याने हे झालेलं नाही. तुमचे हात बहुधा तेच सांगत होते. मीच ऐकून घेतलं नाही.

मामीला नमस्कार, आणि तिचं निरोप पोचवण्याचं काम मी काढून घेते आहे त्याबद्दल माफी.

तुमचं,
दुसरं टोक (पदवीधर)

ता. क. पाटी सरळ करायला तुम्ही यावं. ओळंबा आणा, माझ्याकडे सगळं आहे पण ओळंबा नाही. पाटी फाटकापाशीच आहे, गुडघ्याला चढ लागणार नाही. साहेबांना सांगून ठेवलंय की तज्ज्ञ येणार आहेत. त्यांनी विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, चाळीस वर्षं.

ता. क. दुसरा. दगड आकाशातल्यांनी ठेवले असं तुम्हांला अजूनही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पोस्टमास्तर तुमच्या बाजूने असतील. मी एकटी भांडेन. भांडायला या, पण थेट माझ्याशी भांडा.

ता. क. तिसरा. खोटं लिहिणं मला जमत नाही. पाटी पहारेकऱ्याने मंगळवारीच सरळ केली होती, अगदी व्यवस्थित, आधारबिधार देऊन. तो जेवायला गेल्यावर मी ती पुन्हा तिरकी केली. (मामी, तू वाचून दाखवत असशील तर हे एवढं गाळ.)