भावजींच्या गाडीचा ब्रेक

मी, कस्तुरा सोपानराव येळवंडे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळी दोन भाकरी चवीने खाऊन हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वी केलेले नाही. मरायची घाईही नाही.

१. राहते घर व मागचे आवार मुलगा शेखर यास मिळावे. तो आमच्याच माळावर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. आवारातला आंबा त्याने पार्किंगसाठी तोडू नये.

२. दागिने व माझी पांढरी गाडी मुलगी सायली हिला. गाडी शेखरच्याच कंपनीत बनलेली. ब्रेकच्या नळीत दोष निघाला म्हणून कंपनीने त्या खेपेच्या सगळ्या गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. "लेकीला माहेरचं बोलावणं आलंय," असे म्हणून मी बॉनेटवर खण-नारळ ठेवून तिची ओटी भरली आणि शेखरबरोबर धाडली. संध्याकाळी नवी नळी घेऊन परत आली. पुढे कधी असे बोलावणे आले तर सायलीने आळस करू नये.

एक राग मात्र नोंदवून ठेवते. कंपनीचा निरोप इंग्रजीत होता आणि 'आमचं चुकलं' एवढेही त्यात नव्हते. शेखरला म्हटले, "साहेबांना सांग, नळी बदलली ते बरं केलं. पण चुकलं म्हणायला जीभ झिजत नाही." तो म्हणाला, "आई, वकील लिहू देत नाहीत." सबब माझ्या इस्टेटीतून कुठल्याही वकिलास काही मिळू नये.

३. आता माझे धाकटे दीर दादासाहेब. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच खेपेतल्या गाड्या घेतल्या. बोलावणे त्यांनाही आले, पण ते जात नाहीत. त्यांची हयात बैलबाजारात गेली. म्हणतात, "वहिनी, माघारी गेलेल्या बैलाला बाजारात कोन इचारतंय? खोड निघाली म्हनत्यात. माझी गाडी चांगली हाय." शिवाय गाडी घेतल्यावर चौकात स्वतःचा फ्लेक्स लावला होता, तेही आडवे येते. याच गाडीतून ते नातवंडांना शाळेत सोडतात. ती पोरे घरी येईपर्यंत मला घास गोड लागत नाही.

सबब, बैलगाडा शर्यतीत आमच्या मालकांच्या बैलजोडीने पहिला नंबर काढला, तेव्हा उजव्या बैलाच्या गळ्यात असलेली घुंगुरमाळ, जिच्यावर भावजींचा कित्येक वर्षे डोळा आहे, ती त्यांना द्यावी. अट एवढीच की गाडीची नळी बदललेली असावी. नसल्यास माळ मोडीत घालावी.

हे कलम मी त्यांना समोर बसवून मोठ्याने वाचले.

"मोडीत? माझ्या थोरल्या दादाची माळ?"

"व्हय भावजी. मोडीत."

चहा तसाच टाकून ते तरातरा निघून गेले. शेखरचा फोनही उचलला नाही.

४. पुरवणी. सह्या राहिल्या होत्या, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. भावजी सर्व्हिस सेंटरवरून थेट शाळेत जाऊन नातवंडांना घेऊन आले होते. नळी बदलल्याचा कागद पुढे केला आणि म्हणाले, "कागद ऱ्हाऊ द्या. बसा, तुमी सवता बघा."

देवळापुढच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे पट्टे लावून बसलेली पोरे खिदळली, "आबा, परत!" आणि मी भर रस्त्यात पदर डोळ्यांना लावून रडू लागले. आनंदानेच. भावजी मात्र घाबरले.

"वहिनी, लागलं का कुटं?"

कलम तीनमधील अट रद्द समजावी. माळ त्यांना आजच दिली. मेलेल्या बाईकडून घेण्यात काय मजा? आता ती त्यांच्या गाडीच्या आरशाला बांधली आहे आणि यापुढे ते घरी येताना गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतील.

सर्व वाचून, समजून, हसत सही केली.

(सही) कस्तुरा सोपानराव येळवंडे

आमच्यासमोर सही झाली. साक्षीदार:
१. (सही) डॉ. अरुंधती केळकर
२. (सही) अंबूबाई टोपे, शेजारीण

ठिकाण: चाकण
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५